मधली जागा

"भाऊजी, त्या लिंबांचं काय करायचं ते एकदा ठरवा. दावणीला चार जनावरं हायती. त्यांच्या म्होरं काय टाकू, तुमची पुस्तकं?"

वहिनींनी मला हे विचारलं ते २०२० च्या मे महिन्यात. करोनाची टाळेबंदी लागण्याआधी चार दिवसांसाठी म्हणून मी माण तालुक्यातल्या आमच्या गावी आलो होतो आणि तिथंच अडकलो होतो. बँकेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. नवी कादंबरी लिहायची म्हणून कागदांचं बाड बरोबर आणलं होतं, त्यामुळं पुस्तकांचा टोमणा मला बरोबर लागला.

लिंब म्हणजे कडुलिंब. गावाच्या वरच्या अंगाला आमचा एक एकराचा माळाचा तुकडा आहे. १९८७ च्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या भावानं तिथं कडुलिंबाची हजार रोपं लावली. पुढचे दोन उन्हाळे खालच्या विहिरीवरून घागरींनी पाणी नेऊन ती जगवली. सहाशेच्या आसपास जगली. तालुक्याला सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि चौकटीतलं प्रमाणपत्र मिळालं. ते प्रमाणपत्र अजून ओसरीवर टांगलेलं आहे. भाऊ २०१६ साली गेला. त्यामुळं ती झाडं तोडायची म्हटल्यावर माझ्या पोटात कालवलं. भावानं घागरींनी पाणी घातलं, हेच मी वहिनींना ऐकवत राहिलो. त्यातल्या निम्म्या घागरी त्यांच्याच डोक्यावरून गेल्या होत्या, हे मला त्या वेळी सुचलं नाही. त्यांनीही बोलून दाखवलं नाही.

अडचण साधी होती. झाडं लागण्यापूर्वी त्या तुकड्यात पवन्या आणि मारवेल गवत कमरेएवढं यायचं. दिवाळीनंतर कापणीला चार माणसं लागत. पेंढ्या रचून ठेवल्या की होळीपर्यंत खिलार गायींना वैरणीची चिंता नसे. आता झाडांखाली उघडी माती आणि वाळका पाला. गवताची काडी नाही. बरं, गवत गेलं ते गेलं, झाडं तरी पोसावीत? तेहतीस वर्षांचे लिंब, पण छपराला घालायच्या वाशासारखे किडकिडीत. गावात सगळे म्हणत, माणदेशाची जमीनच तशी, पाऊस जेमतेम वीस इंच, इथं झाड पोसायचं कसं?

मीही तेच म्हणत असे. ते सोयीचं होतं. कारण ती रोपं किती अंतरावर लावायची हे भावाला मी सांगितलं होतं.

एकरी हजार

१९८२ साली मी बँकेत लागलो आणि थोड्याच दिवसांत शेतीकर्जाच्या कामावर माझी नेमणूक झाली. सामाजिक वनीकरणाचे ते दिवस होते. सुबाभूळ आणि निलगिरी ही नावं तेव्हा खेड्यापाड्यांतल्या पोरांनाही ठाऊक होती. पडीक जमिनीवर झाडं लावा, सात-आठ वर्षांत पैसा उभा राहील, असा तो हिशेब होता. आमच्याकडं येणाऱ्या प्रकरणांत एक रकाना असे – एकरी रोपांची संख्या. दोन मीटर बाय दोन मीटर, म्हणजे साधारण साडेसहा फुटांवर एक झाड. एकरी हजार. कर्जाची रक्कम रोपांच्या संख्येवर बेतलेली असल्यानं सगळ्यांचं लक्ष त्या एका आकड्यावर. तपासणीला गेलो की मी झाडं मोजायचो. मोजायला सोपी गोष्ट ती एवढीच होती.

१९८६ साली एक धनगर आजोबा माझ्याकडं आले. सगळे त्यांना आबा म्हणत. तीन एकर माळ आणि पाऊणशे मेंढरं. त्यांचं म्हणणं असं, की एकरी चाळीस-पन्नास झाडं लावतो, कुंपण घालतो आणि मधल्या जागेत गवत राखतो. त्याला कर्ज द्या. मी त्यांना समजावलं, की एवढ्या झाडांना योजनेत पैसे बसत नाहीत, एकरी हजार लावा. ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "सायेब, झाडाला झाड भिडलं की खालचं गवात मरतंय. मग म्येंढरांनी काय तुमची झाडं मोजत बसायचं?"

शाखेतले सगळे हसले. मीही हसलो आणि प्रकरणावर शेरा मारला – 'झाडांची संख्या अपुरी'. दुसऱ्याच वर्षी भावाला मोठ्या अधिकारवाणीनं तोच साडेसहा फुटांचा सल्ला दिला.

टेप घेऊन माळावर

वहिनींना उत्तर द्यायला उशीर व्हावा म्हणून म्हणा, किंवा बँकेतली सवय म्हणून म्हणा, दुसऱ्या दिवशी मी शिवणकामाची टेप आणि वही घेऊन माळावर गेलो. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साडेचार फुटांवर, एकेका खोडाचा घेर मोजत सुटलो. तीन सकाळी गेल्या.

वहीतले आकडे बघून मी चक्रावलो. मधल्या भागातल्या झाडांचे घेर सोळा-अठरा इंच. कडेच्या ओळीतल्या झाडांचे तीन फुटांच्या पुढं. आणि बांधाच्या कोपऱ्यात, आजूबाजूची रोपं पहिल्याच उन्हाळ्यात मेल्यामुळं एकटा पडलेला एक लिंब होता, त्याचा घेर पाच फुटांवर! जमीन तीच, पाऊस तोच, रोपं एकाच रोपवाटिकेतली, लावणारा हातही एक. फरक एवढाच, की कडेच्या झाडाला एका बाजूनं मोकळीक होती आणि कोपऱ्यातल्याला चारी बाजूंनी. माणदेशाच्या जमिनीवर आम्ही तेहतीस वर्षं खोटा आळ घेतला होता.

गंमत म्हणजे उंचीत मात्र फारसा फरक नव्हता. टाळेबंदी उठल्यावर पुण्याला कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन बसलो तेव्हा याचा उलगडा झाला. दाटीचा परिणाम झाडाच्या उंचीवर थोडा होतो, जाडीवर पुष्कळ होतो. म्हणून तर जमिनीचा कस ठरवताना वनशास्त्रातली माणसं मोठ्या झाडांची उंची धरतात, घेर धरत नाहीत. झाड जाड होतं ते पानांच्या कमाईवर. शेंडा पसरायला जागा असेल तर पानं जास्त, अन्न जास्त, खोडावर चढणारं लाकूड जास्त. शेजारचं झाड भिडलं की खालच्या फांद्या उजेडाअभावी वाळून गळतात आणि सगळा संसार वरच्या टोकाच्या मूठभर पानांवर चालवावा लागतो. खाली मुळांतही तेच. वीस इंच पावसाच्या मुलुखात तर उजेडाच्या भांडणाआधी पाण्याचं भांडण लागतं.

त्या ग्रंथालयातच मला जॉन नेल्डर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाच्या युक्तीचा पत्ता लागला. झाडांमधलं योग्य अंतर शोधायचं, तर प्रत्येक अंतराचा वेगळा तुकडा करावा लागतो. त्याला जमीन फार लागते. नेल्डरनं १९६२ साली सुचवलं, की झाडं बैलगाडीच्या चाकासारखी लावा. मध्यातून आरे काढा आणि एकेका आऱ्यावर झाडं अशी लावा, की तुंब्याजवळ ती अगदी दाट असतील आणि धावेकडं जाताना अंतर वाढत जाईल. एकाच चाकात सगळी अंतरं! काही वर्षांनी आतून बाहेर चालत गेलं, की कुठल्या अंतराला झाड पोसतं ते डोळ्यांनी दिसतं. आमच्या एकरात हे चाक मोडकंतोडकं का होईना, आपोआप तयार झालं होतं. त्याकडं बघायला मला तेहतीस वर्षं लागली.

आता झाडांबरोबर गवतही हवं असेल तर? या प्रश्नावरचा एक मोठा प्रयोग न्यूझीलंडमध्ये झाला. रोटोरुआजवळ टिकिटेरे इथं १९७३ साली मेंढ्यांच्या कुरणात रेडिएटा पाइन लावले. विरळणी करून अखेरीस हेक्टरी ५०, १००, २०० आणि ४०० झाडं राहतील असे वेगवेगळे भाग ठेवले आणि तुलनेला बिनझाडांचं कुरणही ठेवलं. खाली मेंढ्या चरत होत्या आणि झाडं व गवत दोन्हींच्या नोंदी होत होत्या.

पहिली काही वर्षं रोपं लहान असताना सगळीकडं गवत चांगलं होतं. नंतर जसजसे शेंडे पसरले तसतसं गवत मागं हटलं. ४०० झाडांच्या भागात पुढं ते जवळजवळ संपलंच. विरळ भागांतही सावलीनं आणि खाली साचणाऱ्या पाल्या-फांद्यांनी ते घटत गेलं. झाडांचं म्हणाल तर विरळ भागात खोडं चांगली जाड झाली. पण फांद्या मोठ्या, त्यामुळं लाकडात गाठी, खोड वर झपाट्यानं निमुळतं आणि उंचीही थोडी कमी. सुताराला असं लाकूड आवडत नाही. शिवाय एकूण लाकूड मोजलं तर ते दाट भागातच जास्त भरतं, फक्त ते बारीक बारीक खोडांत वाटलेलं असतं.

म्हणजे विरळ तेवढं शहाणपणाचं आणि दाट तेवढं चूक, असा हा मामला नाही. जळण हवं असेल तर दाट लावावं. इमारती लाकूड हवं असेल तर आधी दाट लावून, झाडं सरळ वाढू देऊन, वेळेवर विरळणी करावी. आणि झाडांखाली गुरं चारायची असतील तर पहिल्यापासून अंतर मोठं ठेवून खालच्या फांद्या छाटत राहावं. पण त्या प्रयोगातलं सगळ्यात दाट रान हेक्टरी ४०० झाडांचं, म्हणजे एकरी एकशेसाठचं होतं, आणि तिथं गवत टिकलं नाही. आमच्या बँकेचा आकडा एकरी हजार होता!

अंतराचं गणित आपल्याला फसवतं. झाडांतलं अंतर दुप्पट केलं की झाडं निम्मी होत नाहीत, पाव होतात. दहा फुटांवर एकरी सुमारे ४३५ झाडं बसतात, वीस फुटांवर १०९ आणि तीस फुटांवर अवघी ४८. आबा म्हणत होते ते हेच चाळीस-पन्नास. त्यांनी कुठल्या ग्रंथालयात बसून ते काढलं नव्हतं.

सावलीतलं गवत

तरीही झाड म्हणजे गवताचा वैरी असं समजायचं कारण नाही. राजस्थानच्या कोरड्या मुलुखात शेतकरी खेजडीची झाडं शेतात मुद्दाम राखतात. खेजडी म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो ती शमी. तिची मुळं खोल जातात, पाला गळून माती सुधारते, पाला-शेंगा जनावरं खातात आणि तिच्याखाली बाजरी नि गवत चांगलं येतं, हा तिथला पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव. केनियातल्या त्सावोच्या गवताळ रानातही १९८० च्या दशकात संशोधकांना आढळलं, की सुट्या सुट्या बाभळींखाली आणि गोरखचिंचेखाली गवत उघड्या रानापेक्षा जास्त पोसतं. उन्हाचा कडाका कमी, माती कसदार, ओल टिकाऊ. यातला महत्त्वाचा शब्द 'सुट्या' हा. एका झाडाच्या सावलीत गवताला विसावा मिळतो. शेंड्याला शेंडा भिडला की तो काळोख होतो, आणि आपली बहुतेक माळावरची गवतं ही उन्हाची लेकरं आहेत.

ओळींची दिशाही पाहावी लागते. आपल्याकडं गवत वाढतं ते जून ते सप्टेंबरात. तेव्हा दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. ओळी पूर्व-पश्चिम असल्या तर सावली बरीचशी ओळीच्या पायाशीच राहते आणि मधल्या पट्ट्याला ऊन मिळतं. दक्षिणोत्तर ओळींची सावली सकाळ-संध्याकाळ सगळ्या पट्ट्यावरून फिरते. अर्थात जमीन उताराची असेल तर उताराला आडव्या ओळी घ्याव्यात. माती वाहून गेल्यावर दिशा घेऊन काय करायचं?

आपल्या देशात या विद्येचं दुर्लक्ष झालं असंही नाही. झाशीला चारा संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९६२ पासून आहे, कृषिवानिकीचं केंद्र १९८८ पासून आहे आणि २०१४ साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय कृषिवानिकी धोरणही आणलं. पण आपल्या मनातून 'किती लावली?' हा प्रश्न काही जात नाही. २०१९ च्या पावसाळ्यात आपल्या राज्यात ३३ कोटी रोपांचा कार्यक्रम झाला तेव्हाही पारावरची चर्चा आकड्याचीच होती. शिवाय झाड नसलेला प्रत्येक माळ पडीक नसतो. माळढोक, काळवीट, लांडगा यांचं घर उघड्या गवताळ रानातच असतं. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं ते अशाच रानासाठी. तिथं दाट झाडी उभी करणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात भिंती घालणं.

कुऱ्हाड

एवढं सगळं वाचून मी गावी परतलो आणि वहिनींना म्हणालो, "वहिनी, तुमचं बरोबर होतं. पण एकदम नको. तीन वर्षांत करू."

याला कारण होतं. दाटीत वाढलेली झाडं एकमेकांच्या आधारानं उभी असतात. शेजारी एकदम काढले, की उरलेली वाऱ्यानं मोडतात. म्हणून पहिल्या वर्षी अडीचशे, दुसऱ्या वर्षी दोनशे आणि तिसऱ्या वर्षी सत्तर असं ठरवलं. तलाठी आणि वनखातं यांच्याकडं रीतसर चौकशी करून कागद केले. ठेवायची झाडं चुन्यानं रंगवायचं काम माझ्याकडं आलं. कादंबरीतली पानंच्या पानं मी आजवर निर्दयपणे कापली आहेत. पण तिथं पहिल्या दिवशी ठेवायची म्हणून शंभरावर झाडं रंगवून बसलो आणि अजून अर्ध्या रानातही पोचलो नव्हतो. वहिनी मागून आल्या. माझ्या हातातली चुन्याची वाटी घेतली आणि म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्याकडं बघून रंगवताय. झाडाच्या शेंड्याकडं बघा." पुढची झाडं त्यांनीच निवडली. ज्याचा शेंडा अजून हिरवा, भरलेला, ते ठेवायचं. ज्याच्या टोकाला नुसता झुबका उरला, ते जाऊ द्यायचं.

तोडलेल्यांतले सरळ वासे गोठ्याला झाले, बाकीचं जळण गेलं. लिंब बुंध्यापासून पुन्हा फुटतो, पण ते धुमारे वहिनींच्या शेळ्यांनी मोठ्या आनंदानं आवरले. मधल्या पट्ट्यांत मारवेलचे ठोंब लावले आणि पहिली दोन वर्षं गुरं आत सोडली नाहीत, गवत कापूनच घातलं.

दुसऱ्या पावसाळ्यात गवत धरलं. तिसऱ्या दिवाळीला कापणीला दोन माणसं लावावी लागली. पूर्वी चार लागत, म्हणजे जुनं दिवस परत आले असं म्हणता येणार नाही. झाडांचंही तसंच. कडेच्या आणि भरल्या शेंड्याच्या लिंबांचा घेर चार वर्षांत चार-पाच इंचांनी वाढला. मधले काही मात्र होते तिथंच आहेत. शेंडा एकदा चिमटला गेला, की उशिरा दिलेल्या मोकळिकीचं त्याला काही करता येत नाही. विरळणी दहाव्या वर्षी व्हायला हवी होती, आम्ही ती तेहतिसाव्या वर्षी केली. २०२३ च्या वळवात त्यातली तीन मोडून पडली. ती माझ्या खात्यावर मांडायला हवीत, भावाच्या नाही. त्यानं रोपं जगवली होती. अंतर माझं होतं.

गेल्या वर्षी मी आबांचा माळ शोधत गेलो. आबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तीन एकरांतला निम्मा माळ विकला गेला आहे. उरलेला त्यांचा नातू राखतो. कर्ज न मिळाल्यामुळं आबांनी स्वतःच बाभळी आणि लिंब लावले होते, वर्षाला चार-पाच, जमेल तसे. आता त्यांचे छत्रीसारखे शेंडे पसरलेत. दोन शेंड्यांच्या मधून ऊन खाली उतरतं आणि तिथं गुडघाभर गवत होतं. दुपारची वेळ होती, मेंढरं सावलीला बसली होती. मी बँकेतला तो साहेब, हे मी नातवाला सांगितलं. आजोबांच्या बोलण्यात तुमचा विषय कधी निघाला नाही, असं तो म्हणाला आणि चहा टाकायला गेला. हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

यंदाच्या जूनमध्ये वहिनींनी पाच नवी रोपं आणली. जिथं झाडं मोडून मोठी भगदाडं पडलीत तिथं लावायला. मी टेप आणायला घरात वळलो, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, भाऊजी." रंगवलेल्या एका लिंबाला पाठ लावून त्या उभ्या राहिल्या आणि चालू लागल्या. पावलं मोजत. दहा झाली तशा थांबल्या, टाचेनं खूण केली आणि मला म्हणाल्या, "हितं खांदा."